घागरीतल्या चौदा चिठ्ठ्या

परंड्याच्या कालवा कार्यालयात बत्तीस वर्षं घासून अंबादास भाऊसाहेबांनी काय कमावलं, तर नाव. बाकी काही नाही. हापिसातली टाचणी कधी घरी नेली नाही. कुणाच्या चहाला मिंधे झाले नाहीत. तंबाखू नाही, पान नाही, जेवणानंतर सुपारीचं खांड पुढं केलं तरी हात जोडायचे. गावात दोन भावांचं वाटणीवरून वाजलं, तरी एखादा म्हणायचा, "भाऊसाहेबांना विचारा, ते खोटं बोलायचे नाहीत." आता अशा नावाचा उपयोग काय, ते विचारू नका. नाव खायला घालत नाही आणि संध्याकाळी शेजारी येऊन बसतही नाही.

त्यांचं टेबल आस्थापनेचं. म्हणजे कोण कधी लागला, कुणाची वेतनवाढ कधी, कुणाची रजा किती शिल्लक, हे सगळं त्यांच्या हाताखालच्या सेवापुस्तकांत. कुणी निवृत्त होणार असला की त्याची पेन्शनची कागदपत्रं भाऊसाहेबांनीच करायची. आजवर कितीजणांची केली असतील! चौकीदारापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांच्या टेबलासमोर बसून उठले. पेन्शनच्या कागदांत दोन गोष्टी महत्त्वाच्या, हे ते प्रत्येकाला शाळामास्तरासारखं समजावायचे. एक, नवरा-बायकोचा एकत्र फोटो. दुसरं, चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला. "फोटो नसला तर प्रकरण परत येतं," ते म्हणायचे, "आणि दाखला नसला तर प्रकरण जातच नाही."

आता पुढच्या महिन्याअखेरीला ते स्वतःच निवृत्त होणार होते. स्वतःचे कागद स्वतःच करायला घेतले होते. दुसरं कोण करणार?

फोटो काढायला ते विरेशच्या स्टुडिओत गेले. विरेशनं 'पेन्शनचा' एवढं ऐकलं आणि सवयीनं पडद्यासमोर दोन स्टुलं मांडली. "वहिनी मागनं येतायत का?" असं विचारलं, आणि मग त्याचं त्यालाच आठवलं. जीभ चावली बिचाऱ्यानं. एक स्टूल गुपचूप उचलून नेलं. भाऊसाहेब म्हणाले, "असू दे, असू दे, त्यात काय." पण फोटो धुऊन आला तेव्हा बघतात तर स्वतः चौकटीच्या डाव्या अंगाला बसलेले, उजवीकडं माणूसभर जागा मोकळी. विरेश म्हणाला, "कापून मधोमध करून देतो." भाऊसाहेबांनी तसाच घेतला.

लीलावहिनी जाऊन आठ महिने झाले होते. नवऱ्याच्या तोंडून जन्मभर 'एकत्र फोटो, एकत्र फोटो' ऐकून त्या माउलीनं त्या फोटोसाठी एक हिरवी इरकल वेगळी काढून ठेवली होती. "तुमच्या सरकारला दाखवते माझं लुगडं," म्हणायच्या. मग कॅन्सर निघाला. दीड वर्ष परंडा-बार्शी, बार्शी-परंडा. शेवटी शेवटी दुखणं असं व्हायचं की भिंतीला नखं लागायची. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. दिवसाच्या गोळ्या शेजारची बाई द्यायची. संध्याकाळी सातची मात्र भाऊसाहेब स्वतः द्यायचे. हापीस सव्वासहाला सुटायचं, घरी यायचे, हातपाय धुवायचे, देवाजवळ दिवा लावायचे, आणि मग गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन खाटेच्या कडेला बसायचे. गोळी लागू पडेपर्यंत बोलत बसायचे. त्या दोघांच्या आख्ख्या संसारात एवढं बोलणं झालं नसेल जेवढं त्या खाटेवर झालं.

त्या गेल्या तेव्हा गोळ्या उरल्या. दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं होतं, उरलेल्या परत आणून द्या, घरात ठेवू नका. आणि ज्या माणसानं हापिसातली टाचणी घरी नेली नाही, त्या माणसानं त्या गोळ्या परत केल्या नाहीत.

तेरावं झालं. मुलगा राजस हैदराबादला परत गेला. लोकं म्हणाली, "भाऊसाहेब, जेवायला येत जा." ते म्हणाले, "कशाला उगीच त्रास." शेजारची म्हणाली, "डबा देत जाऊ?" "नको नको, मी करतो, कशाला उगीच." हापिसातली म्हणाली, "संध्याकाळी येत जाऊ का बसायला?" "तुम्हाला तुमचे प्रपंच आहेत, कशाला त्रास." एकदा नको म्हटलं, दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. लोकांचं तरी काय चुकलं? राजस दर रविवारी फोन करायचा. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." "तब्येत?" "उत्तम." झालं बोलणं.

आणि सात मात्र रोज वाजायचे. दिवा लागला, तांब्या भरला, की हातांना पुढचं काम ठाऊक होतं आणि काम तर उरलं नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी पाकिटातली गोळी काढली, मोडली आणि अर्धी स्वतःच्या जिभेवर ठेवली. खाटेच्या कडेला बसले. तासाभरात छातीतलं ओझं हलकं झालं, आणि समोरच्या उशीशी दोन शब्द बोलताही आले. दुसऱ्या दिवशी सात वाजता परत अर्धी. तेव्हापासून रोज अर्धी. सुपारी न खाणारा माणूस! लाज वाटायची, भयंकर लाज वाटायची. पण सातला ती लाज कुठं जायची कोण जाणे.

अशात वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आलं. प्रायोगिक तत्त्वावर प्रत्येक कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याची अचानक नशातपासणी होणार. नाव चिठ्ठ्या टाकून निघणार. लघवीचा नमुना जागेवर द्यायचा. दोष आढळला तर विभागीय चौकशी. पत्र आवक नोंदवहीत भाऊसाहेबांनीच चढवलं. चढवताना चौकशी या शब्दावर त्यांचं पेन थांबलं. चौकशी म्हणजे दाखला नाही. दाखला नाही म्हणजे पेन्शन अडकली. हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

संघटनेचा अध्यक्ष रणधीर. त्यानं शनिवारी सगळ्यांना हापिसाच्या पडवीत बोलावलं. विषय दोन, तपासणीला विरोध आणि जुन्या पेन्शनची मागणी. सतरंजी पसरली, चहा आला, आणि भांडण सुरू झालं.

जीपचा ड्रायव्हर उत्तरेश्वर सगळ्यांत आधी उठला. "म्या सांगतो सरळ. ड्युटीवर असताना थेंब घेतला आसंल तर माझी जीभ झडो. पर घरी गेल्यावर दोन घोट घेतो, व्हय, घेतो. त्ये सरकारनं बाटलीत बघायचं काय काम हाय?"

लोक हसले. कनिष्ठ लिपिक हर्षाली हसली नाही. तिला नोकरीला अकरा वर्षं झाली होती. दोन मुली, नवऱ्याचं मोबाइलचं दुकान. ती म्हणाली, "उत्तरेश्वरदादा, परवा तुमच्या जीपमध्ये मीच बसले होते. कुर्डुवाडी रोडला ट्रक किती जवळून गेला, सांगू का इथं? माझ्या पोरी माझी वाट बघत असतात. होऊ द्या की तपासणी."

"आणि पेन्शन गेली म्हंजे?"

"पेन्शन तुम्हाला! दोन हजार पाचच्या आधी लागलेल्यांना. आमच्या पगारातून दर महिन्याला कापून घेतात, पुढं काय हाती येईल ते बाजार जाणे. ज्याला आहे त्याला जायची भीती. आम्हाला कसली?"

मग गलका झाला. कुणी म्हणालं, आधी पुढाऱ्यांची तपासा. कुणी म्हणालं, पेन्शन द्या, मग रोज बाटली भरून देतो. रणधीरनं हात वर केले. "भाऊसाहेब बोलतील. भाऊसाहेब, तुमी सांगा, तुमच्या शब्दाला वजन हाय."

भाऊसाहेब उठले. सभेत ते कधी बोलत नसत. चष्मा काढला, परत घातला. म्हणाले, "सव्वासहाला हापीस सुटतं. सव्वासहाच्या पुढं माणूस सरकारचा नसतो. घरी गेल्यावर त्याच्यावर काय वेळ येते, तो ती कशी काढतो, हे बाटलीत दिसत नाही. बाटलीत फक्त त्यानं काय घेतलं ते दिसतं."

टाळ्या पडल्या. उत्तरेश्वर तर गहिवरला, त्याला वाटलं हे सगळं त्याच्यासाठीच. पण हर्षाली उभी राहिली. "भाऊसाहेब, राग मानू नका. सव्वासहाच्या पुढचा माणूस सरकारचा नाही, तर मग अठ्ठावन्नाच्या पुढचा माणूस सरकारनं का पोसायचा? आम्हाला तर हेच ऐकवतात ना?"

भाऊसाहेब खाली बसले. विरोधाचा ठराव झाला, भाऊसाहेबांनीच तो सुंदर अक्षरात लिहिला, आणि वरिष्ठांनी तो कुठंतरी फडताळात टाकून दिला असावा. कारण पुढच्याच बुधवारी अकरा वाजता पांढरी गाडी दारात उभी राहिली. एक सिस्टर आणि एक तंत्रज्ञ उतरले.

चिठ्ठ्या करायचं काम रणधीरनं अंगावर घेतलं. ग्रामपंचायतीच्या सोडतीला असते तशीच तयारी. शिपाई दगडाबाईनं पाण्याची स्टीलची घागर पुसून टेबलावर ठेवली. चौदा कर्मचारी, चौदा घड्या. दगडाबाईनं डोळ्यांवर पदर ओढला, घागरीत हात घातला, ढवळलं आणि एक घडी सिस्टरच्या हातात दिली.

सिस्टरनं वाचलं, "श्री. अंबादास..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. सगळ्यांनी असा सुस्कारा सोडला की बस्स. उत्तरेश्वर म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला!" रणधीर हसून म्हणाला, "सिस्टर, ह्यांची बाटली तुमी न तपासताच पास करा, देवमाणूस हाय." भाऊसाहेबांना घाम फुटला होता. काल संध्याकाळची अर्धी गोळी अजून अंगात होती, आणि निवृत्तीला सदतीस दिवस राहिले होते.

"आवरून येतो," ते म्हणाले. सोडतीच्या चिठ्ठ्या पाकिटात घालून मोहोरबंद करणं हे आस्थापनेचंच काम. घागर उचलून ते अभिलेख कक्षात गेले. दार लोटलं. चिठ्ठ्या मोजाव्यात म्हणून टेबलावर ओतल्या. एक सुटलेली होती, तिच्यावर त्यांचं नाव. त्यांना वाटलं, ही काढलेलीच इकडं आली की काय. दुसरी उघडली. अंबादास. तिसरी. अंबादास. तेराच्या तेरा उघडल्या आणि ते खुर्चीत बसले. प्रत्येक चिठ्ठीवर त्यांचंच नाव, हर्षालीच्या गोल गोल अक्षरात.

सुटले! पहिला विचार हाच आला. खोटं का सांगा? ह्या चिठ्ठ्या घेऊन बाहेर जायचं, सिस्टरसमोर धरायच्या, सोडत रद्द. परत होईल तोवर आठ दिवस जातील, आठ दिवस गोळी नाही घेतली की अंग स्वच्छ. पेन्शन वाचली, नाव वाचलं. ते उठलेसुद्धा.

दारात हर्षाली उभी होती. टेबलावरच्या उघड्या चिठ्ठ्या बघून तिचा चेहरा उतरला.

"हे काय, मॅडम?"

ती आत आली. "रणधीरभाऊ म्हणाले, उत्तरेश्वरदादांचं नाव निघालं तर त्यांची नोकरी जाईल. त्यांचं नाही निघालं तर आणखी चार जणांचं तसंच. मग म्हणाले, नक्की स्वच्छ असा एकच माणूस आहे हापिसात. त्यांना काय फरक पडतो? एक बाटली द्यायची, झालं." तिचा आवाज चिरकला. "मला पटत नव्हतं हो. मी तर तपासणी व्हावी म्हणणारी. पण तुमचं नाव घेतल्यावर मला वाटलं, ह्यांना कशाची भीती?"

भाऊसाहेब हसले. "नक्की स्वच्छ," ते म्हणाले. "कसं कळलं तुम्हाला?"

"म्हणजे?"

"मॅडम, माझी संध्याकाळ तुमच्यापैकी कुणी बघितलीय का?"

आणि मग त्यांनी सांगून टाकलं. गोळ्यांचं, सातचं, तांब्याचं, खाटेचं. चार वाक्यांत, सेवापुस्तकात नोंद घालावी तसं, वर न बघता. हर्षाली तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली. "घरात दुसरं कुणी येत असतं तर दिसलं असतं कुणाला तरी," ते म्हणाले. "येऊ दिलं नाही मीच. त्यामुळं स्वच्छ."

"आपण आत्ता सिस्टरना चिठ्ठ्या दाखवू," ती घाईनं म्हणाली. "मी सांगते, मी लिहिल्या."

"मग तुमची चौकशी लागेल. रणधीरची लागेल. तुमच्या बाटलीतून जे निघालं नसतं ते सोडतीतून निघेल." त्यांनी तिच्याकडं बघितलं. "तुम्हाला अजून वीस वर्षं काढायचीत. आणि तुमच्या हाती पुढं काय येणार ते तर बाजार जाणे."

त्यांनी चिठ्ठ्या एकेक करून घडी घातल्या. पाकिटात सरकवल्या. डिंक लावला, जोडावर सही केली, तारीख टाकली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खोट्यावर सही केली होती.

नमुना दिल्यावर सिस्टरनं एक अर्ज पुढं केला. त्यात एक रकाना होता, गेल्या तीस दिवसांत घेतलेली औषधं. तो कोरा सोडता आला असता. भाऊसाहेबांनी लिहिलं, 'मॉर्फिन, अर्धी गोळी, रोज सायंकाळी सात.' पुढचा रकाना, कोणत्या रुग्णासाठी. तिथं त्यांनी लिहिलं, 'कै. सौ. लीला.' सिस्टरनं अर्ज वाचला, मग त्यांच्याकडं बघितलं. हळू आवाजात म्हणाली, "काका, एकदम बंद करू नका. बार्शीच्या डॉक्टरांना भेटा, ते कमी करत आणतील. पण मला हे पुढं पाठवावंच लागेल."

"पाठवा ना," भाऊसाहेब म्हणाले. "जावक क्रमांक मीच देतो."

दुपारपर्यंत हर्षालीनं रणधीरला सांगितलं होतं आणि रणधीरकडून सगळ्यांना कळलं होतं. कुणी टेबलाकडं फिरकेना. शेवटी उत्तरेश्वर आला, टोपी हातात. "भाऊसाहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी दिली हो आमी."

"संन्यासी कुठला, उत्तरेश्वर. जा, जीप पूस."

संध्याकाळपर्यंत त्यांनी पेन्शनचे सगळे कागद फायलीत लावले. डावीकडं बसलेला फोटो चिकटवला. चौकशी नसल्याच्या दाखल्याची जागा कोरी ठेवली, आणि शेजारी पेन्सिलीनं 'प्रलंबित' असं लिहिलं. इतरांच्या फायलीत लिहिताना या शब्दाचं कधी काही वाटलं नव्हतं.

सव्वासहाला सुटून घरी आले. हातपाय धुतले, दिवा लावला. तांब्या भरला. सात वाजायला पाच मिनिटं होती तेव्हा कडी वाजली. आठ महिन्यांत त्या वेळेला कडी वाजली नव्हती. त्यांना वाटलं शेजारी वाजली असेल.

हर्षाली होती. हातात डबा, आणि कशाला आले हे सांगायला एक फाईल. "एका सहीचं राहिलं होतं," ती म्हणाली. सही कुठं राहिली नव्हती, दोघांनाही ठाऊक होतं.

"डबा कशाला उगीच..."

"ठेवते इथं." ती खाटेकडं बघत उभी राहिली. मग खुर्चीत बसली. तिनं विचारलं, "वहिनी कशा होत्या हो? मी फक्त हळदीकुंकवाला दोनदा बघितलं."

हा प्रश्न आठ महिन्यांत कुणीच विचारला नव्हता. लोकांनी विचारलं ते कशानं गेल्या, कधी कळलं, किती दिवस. कशा होत्या, हे कुणी नाही. भाऊसाहेब बोलायला लागले. तुळजापूरचं त्यांचं माहेर, लग्नात हरवलेली एक चप्पल, राजसच्या वेळचे डोहाळे, सरकारला दाखवायचं लुगडं. मध्येच उठून त्यांनी कपाटातनं ती इरकल काढली आणि हर्षालीच्या मांडीवर ठेवली. ती घडी न मोडता काठावरनं हात फिरवत राहिली. भाऊसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी ते पुसलं नाही, बोलणं चालू ठेवलं.

तिनं घड्याळात बघितलं तेव्हा आठ वाजून गेले होते. गोळीचं पाकीट देवाच्या फळीवर होतं तिथंच होतं. ती उठली, लुगडं त्यांच्या हातात दिलं. दारात चपला घालताना म्हणाली, "उद्या येऊ का, भाऊसाहेब?"

"कशाला उगीच त्रास," भाऊसाहेब म्हणाले.

तिनं मान हलवली. आपली दुचाकी चालू केली. भाऊसाहेब दारात उभे राहून बघत राहिले, आणि त्यांच्या लक्षात आलं की हे आपणच बोललो. तोंडानं आपोआप बोलून टाकलं, आठ महिने बोलत आले तसं. गाडी गल्लीच्या वळणापाशी पोचली होती. हाक तिथवर पोचणार नव्हती. मग अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस, अंगात नुसता बनियन, काखेत बायकोचं लुगडं, अनवाणी गल्लीतनं पळत सुटला. शेजारीपाजारी ओट्यावर उठून उभे राहिले.

"मॅडम! अहो हर्षाली! थांबा!"

तिनं ब्रेक दाबला. भाऊसाहेबांना धाप लागली होती.

"त्रास होईल तुम्हाला," ते म्हणाले. "रोजचं होईल ते, लई त्रास होईल. पण या. उद्या सातला या."

हर्षालीनं गाडी बंद केली. मग ती म्हणाली, "भाजी कसली आणू?"

आणि आयुष्यात पहिल्यांदा, काहीही चालेल असं न म्हणता, भाऊसाहेब म्हणाले, "मेथीची."